स्टेजमध्ये न मावणारा रुग्ण

ग्लासगो हे जहाजं बांधणाऱ्यांचं शहर. क्लाइड नदीकाठची गोदी, कोळशाचा धूर, ॲस्बेस्टॉसची धूळ आणि पिढ्यान् पिढ्या ओढलेली सिगारेट यांनी त्या भागाला फुप्फुसाच्या कॅन्सरचं मोठं माप दिलं. या रोगाचे रुग्ण तिथल्या रॉयल इन्फर्मरी रुग्णालयात इतके येत, की तिथल्या डॉक्टरांना एक गोष्ट वारंवार खुपत असे. दोन माणसं एकाच स्टेजची, गाठीचा प्रकार तोच, औषधंही तीच. तरी एक जण दोन वर्षं काढतो आणि दुसरा पुढच्या ऋतूपर्यंतही पोचत नाही. असं का?

डोनाल्ड मॅकमिलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये या प्रश्नाचं एक अगदी साधं उत्तर मांडलं. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेल्या १६१ रुग्णांच्या रक्तातल्या दोनच गोष्टी त्यांनी पाहिल्या. पहिली सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे आपल्याकडच्या रिपोर्टवर ‘सीआरपी’ म्हणून छापून येते ती. ती लिटरमागे १० मिलिग्रॅमहून जास्त असली तर एक गुण. दुसरी अल्ब्युमिन. ते डेसीलिटरमागे ३.५ ग्रॅमपेक्षा कमी असलं तर आणखी एक गुण. बेरीज शून्य, एक किंवा दोन. हे गुण परीक्षेच्या उलटे: शून्य सर्वांत बरा, दोन सर्वांत वाईट. पुढे या मोजणीला ‘ग्लासगो प्रॉग्नॉस्टिक स्कोअर’ असं नाव पडलं आणि मोठं आतडं, जठर, स्वादुपिंड, अन्ननलिका अशा अनेक कॅन्सरमध्ये ती तपासून झाली. जवळजवळ सगळीकडे चित्र तेच निघालं. दोन गुणवाल्यांचा गट शून्यवाल्यांच्या आधी संपतो, आणि स्टेजचा हिशेब वेगळा काढला तरी हा फरक उरतो.

यात नवल वाटावं असं काय आहे? ज्या स्टेजवर कॅन्सरचं सगळं शास्त्र उभं आहे, तिच्यात रुग्ण कुठेच नाही. पियेर दनुआ या फ्रेंच शल्यविशारदाने १९४३ ते १९५२ या काळात बसवलेली ‘टीएनएम’ पद्धत आजही जगभर चालते. गाठ केवढी, ती लसिकाग्रंथींत गेली का, दूरच्या अवयवांत पसरली का, असे तिचे तीन प्रश्न. तिन्ही गाठीबद्दल. ती गाठ ज्याच्या अंगात आहे, त्याचं शरीर तिला कसं तोंड देतंय हे त्यात विचारलेलंच नाही. नातेवाईकसुद्धा दवाखान्यातून बाहेर पडताना ‘स्टेज कुठली?’ एवढंच विचारतात. सीआरपीसारखे रक्तातले दाहाचे आकडे ही नेमकी उरलेली बाजू सांगू पाहतात.

कॅन्सर आणि दाह यांचं नातं काल-परवा सापडलेलं नाही. बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांना १८६३ मध्ये गाठींच्या आत पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या, आणि जिथे दीर्घकाळ दाह चालू असतो तिथेच कॅन्सर उगवतो असा तर्क त्यांनी केला होता. तो बराच काळ मागे पडला. १९८६ मध्ये हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी गाठ म्हणजे कधीच न भरणारी जखम, असं सुचवणारा लेख लिहिला. जखम भरताना नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पेशी वाढतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि काम झालं की सगळं थांबतं. गाठीत हे सगळं होतं, फक्त थांबत नाही. हॅनाहन आणि वाइनबर्ग यांनी कॅन्सरच्या मूलभूत लक्षणांची आपली गाजलेली यादी २०११ मध्ये पुन्हा लिहायला घेतली, तेव्हा गाठीला पोसणाऱ्या दाहाला तिच्यात जागा मिळाली. फिर्खोनंतर दीडशे वर्षांनी.

सीआरपीचा जन्म मात्र कॅन्सरच्या जवळपासही झाला नाही. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाचा अभ्यास करत होते. न्यूमोकोकस जंतूच्या आवरणाखालच्या ‘सी’ नावाच्या एका शर्करेशी रुग्णांच्या रक्तातलं काहीतरी चिकटून गढूळ साका तयार होत होता. रोगी बरा झाला की हा गुण जाई. ते ‘काहीतरी’ म्हणजे यकृतात बनणारं प्रथिन. शरीरात कुठेही इजा झाली, संसर्ग झाला, पेशी मेल्या, तर काही तासांत त्याची पातळी चढते आणि प्रसंगी हजारपटही होते. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य सुमारे १९ तास. त्यामुळे कारण गेलं की आकडा झपाट्याने खाली येतो, आणि आठवड्यामागून आठवडे तो चढाच राहिला तर कारण अजून जागं आहे हे नक्की.

गाठीचं आणि यकृताचं बोलणं चालतं ते मुख्यतः इंटरल्युकिन-६ या निरोप्या प्रथिनामार्फत. वेगाने वाढणाऱ्या गाठीच्या मधल्या भागाला रक्त पुरत नाही, तिथल्या पेशी मरतात. त्यांची विल्हेवाट लावायला आलेल्या पेशी आणि खुद्द गाठीच्या पेशीही हा निरोप रक्तात सोडतात. तो मिळताच यकृताचं स्वयंपाकघर बदलतं. घरात कुणी तापाने फणफणलं की रोजची पोळी-भाजी मागे पडते आणि चुलीवर पेज नि काढा चढतो, तसं यकृत अल्ब्युमिनचं नेहमीचं काम कमी करून सीआरपी, फायब्रिनोजेन अशा आणीबाणीच्या प्रथिनांना लागतं. केशवाहिन्याही थोड्या गळक्या होतात आणि अल्ब्युमिन रक्ताबाहेर झिरपतं. म्हणून कॅन्सरच्या रुग्णाचं अल्ब्युमिन उतरलेलं दिसलं की ‘खाणं कमी पडतंय’ एवढाच अर्थ काढून प्रोटीन पावडरीचा डबा आणणं अपुरं ठरतं. ग्लासगोच्या मंडळींनाही नंतर आपली मोजणी सुधारावी लागली. सीआरपी ठीक असताना नुसतं अल्ब्युमिन कमी असेल तर त्याला सुधारित पद्धतीत शून्यच गुण मिळतो. धोका सांगतं ते दाहाच्या जोडीने पडलेलं अल्ब्युमिन.

निरोप यकृतापाशी थांबत नाही. अस्थिमज्जेला ‘न्यूट्रोफिल वाढवा’ असा इशारा जातो. न्यूट्रोफिल या आपल्या पहिल्या फळीच्या पांढऱ्या पेशी. जंतूंशी लढायला उत्तम, पण गाठीच्या सहवासात त्या बिघडतात: नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, ऊतींचं जाळं सैल करतात आणि स्वतःच्या डीएनएचे धागे बाहेर फेकून भटक्या कॅन्सरपेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायची सोय करून देतात. दुसरीकडे लिम्फोसाइट, म्हणजे ज्यांच्यातल्या काही पेशी कॅन्सरपेशी ओळखून मारू शकतात, त्या ताणाखाली आणि कॉर्टिसॉलच्या अमलाखाली घटतात.

प्लेटलेटचीही गोष्ट आहे. गर्भाशयाच्या शेजारच्या अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या ६१९ स्त्रियांची माहिती टेक्सासमध्ये अनिल सूद यांच्या चमूने २०१२ मध्ये मांडली. त्यांतल्या ३१ टक्के स्त्रियांच्या प्लेटलेट निदानाच्याच वेळी प्रमाणाबाहेर होत्या, आणि त्यांचं आयुर्मान कमी भरलं. कारण पुन्हा तेच इंटरल्युकिन-६. ते यकृताला थ्रॉम्बोपोएटिन बनवायला लावतं, थ्रॉम्बोपोएटिन मज्जेला प्लेटलेट बनवायला लावतं, आणि जास्तीच्या प्लेटलेट गाठीच्याच वाढीला हातभार लावतात.

आता साधा सीबीसीचा रिपोर्ट घ्या. कुठल्याही गावातल्या लॅबमध्ये काहीशे रुपयांत होणारी ही तपासणी केमोच्या प्रत्येक फेरीआधी होतेच. त्यात पांढऱ्या पेशींची टक्केवारी असते. न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० असतील तर पहिल्याला दुसऱ्याने भागून येतात २. न्यूट्रोफिल ७५ आणि लिम्फोसाइट १५ असतील तर येतात ५. यालाच ‘एनएलआर’ म्हणतात. ब्रातिस्लाव्हाचे झाहोरेत्स यांनी २००१ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवरचा ताण मापायला हा भागाकार सुचवला. २००५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये पाचाच्या वरचा आकडा वाईट, असं एका ब्रिटिश गटाने दाखवलं आणि मग धरण फुटलं. २०१४ मध्ये टेम्पलटन आणि सहकाऱ्यांनी १०० अभ्यास एकत्र केले, एकूण रुग्ण ४०,५५९. चढा एनएलआर असलेल्यांचा मृत्यूचा धोका सुमारे १.८ पट निघाला. याचा अर्थ आयुष्य जवळपास निम्मं होतं असा नाही. ठरावीक काळात त्या गटातल्या मृत्यूंचा वेग तेवढ्या पट असतो, इतकंच. दोन्ही गटांच्या आयुर्मानाच्या रेषा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात, की चढ्या आकड्याचा एखादा माणूस खालच्या आकड्याच्या अनेकांहून जास्त जगतो.

भागाकाराला पैसे पडत नाहीत आणि जुने केसपेपर कपाटात पडलेलेच असतात, हेच या क्षेत्राचं दुखणं ठरलं. एनएलआरनंतर प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट आलं, लिम्फोसाइट भागिले मोनोसाइट आलं. २०१४ मध्ये शांघायच्या एका गटाने यकृताच्या कॅन्सरसाठी प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट असा निर्देशांक काढला. सीबीसीच्या कागदावर जेवढे आकडे आहेत तेवढ्यांची एकमेकांशी लग्नं लावून झाली आहेत. माझ्या मते यातले बहुतेक निबंध लिहिले गेले नसते तरी कुणाचं काही बिघडलं नसतं.

हे नुसतं कुरकुरणं नाही. निबंध बहुतेकदा असा बनतो: दोनशे जुन्या रुग्णांचे आकडे घ्यायचे, सीमारेषा कधी २.५ वर, कधी ३.१ वर, कधी ४.८ वर धरून पाहायची आणि जिथे दोन गटांतला फरक सर्वांत ठसठशीत दिसेल तिथे ती पक्की करायची. डग्लस ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञाने १९९४ मध्येच या खेळाचा हिशेब मांडला होता. अशा ‘सर्वोत्तम’ रेषेमुळे मुळात काहीच फरक नसतानाही तो ‘सिद्ध’ होण्याची शक्यता नेहमीच्या ५ टक्क्यांवरून सुमारे ४० टक्क्यांवर जाते. २००७ मध्ये ग्रीसमधल्या संशोधकांनी कॅन्सरचं भाकीत सांगणाऱ्या खुणांवरचे शेकडो निबंध चाळले, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक निबंधांनी आपली खूण अर्थपूर्ण असल्याचं सांगितलं होतं. निसर्ग इतका उदार नसतो. न जमलेले निबंध खणातच राहतात.

शिवाय एका देशात आखलेली रेषा दुसऱ्या देशात जशीच्या तशी चालत नाही. आफ्रिकी वंशाच्या अनेक लोकांत न्यूट्रोफिल जन्मतःच कमी असतात आणि त्यांचं आरोग्य उत्तम असतं, म्हणजे त्यांचा एनएलआरही खालीच राहणार. आपल्याकडची गुंतागुंत निराळी. तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाच्या हिरड्या बहुधा आधीच सुजलेल्या असतात, दातांत पू असतो, आणि त्यानेही सीआरपी वाढते. क्षयरोग आहेच. नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल तर प्लेटलेटचा आकडा काहीच सांगत नाही. केमोच्या वेळी उलट्या होऊ नयेत म्हणून देतात त्या डेक्सामेथासोनने न्यूट्रोफिल चढतात आणि लिम्फोसाइट उतरतात. त्यानंतर काढलेल्या रक्ताचा एनएलआर गाठीपेक्षा त्या गोळीबद्दल बोलतो. पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर विचारूच नका. म्हणून घरी बसून रिपोर्टवर भागाकार करणाऱ्याने आधी एवढं पाहावं: रक्त कधी काढलं, आणि त्या आठवड्यात काय काय झालं.

असं असूनही रक्तातल्या दाहाच्या काही खुणा दैनंदिन उपचारांत पक्क्या बसल्या आहेत, आणि त्यांच्यावर फारसा कोलाहल कधी झाला नाही. ईएसआर घ्या. वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये क्षयाच्या रुग्णांवर बसवलेली ही चाचणी, काचेच्या नळीत लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजणारी. आज तिला जुनाट म्हणून हसणारे आहेत. पण हॉजकिन लिम्फोमा सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर जर्मनीतला अभ्यासगट तिच्यावर उपचाराची मात्रा ठरवतो. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यांपैकी काही नसताना ईएसआर ५० किंवा त्याहून जास्त, अथवा ही लक्षणं असताना ३० किंवा जास्त असेल, तर तो रुग्ण जास्त जोखमीच्या गटात जातो. रोग पुढे गेलेला असेल तर हासेनक्लेव्हर आणि डील यांनी १९९८ मध्ये ५,१४१ रुग्णांच्या माहितीवरून काढलेली सात गोष्टींची यादी आहे. त्यांतल्या चार, म्हणजे अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि लिम्फोसाइट, सरळ रक्ताच्या रिपोर्टमधून येतात.

मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये तर हे आणखी स्पष्ट दिसतं. डॅनियल हेंग यांच्या गटाने २००९ मध्ये दिलेल्या निकषांत सहा गोष्टी आहेत: हिमोग्लोबिन कमी, कॅल्शियम जास्त, न्यूट्रोफिल जास्त, प्लेटलेट जास्त, रुग्णाची दैनंदिन क्षमता खालावलेली, आणि निदानापासून वर्षाच्या आत औषध सुरू करण्याची वेळ. एकही नसेल तर जोखीम कमी, एक-दोन असतील तर मध्यम, तीन किंवा जास्त असतील तर मोठी. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपीची जोडी २०१८ मध्ये मान्य झाली ती नेमकी मध्यम आणि मोठ्या जोखमीच्या रुग्णांसाठी. म्हणजे सीबीसीतले तीन आकडे कुणाला कोणतं औषध द्यायचं या निर्णयाच्या साखळीत थेट बसले आहेत.

आलोक खोराना यांचा २००८ मधला स्कोअर याच जातीचा. शरीराच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणं आणि कॅन्सर यांचा संबंध पॅरिसच्या आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये सांगितला होता. दोनच वर्षांनी स्वतःच्या अंगावर तशी सुजलेली शीर दिसल्यावर त्यांनी आपल्याला काय झालंय ते ओळखलं, आणि ते जठराच्या कॅन्सरनेच गेले. खोराना यांनी गाठीची जागा, वजन-उंचीचं प्रमाण, प्लेटलेट साडेतीन लाखांवर, पांढऱ्या पेशी ११ हजारांवर आणि हिमोग्लोबिन दहाखाली, एवढ्यावरून केमो घेणाऱ्यांपैकी गुठळीचा धोका कुणाला जास्त ते काढून दिलं. आकडा मोठा आला तर रक्त पातळ करणारं औषध आधीच सुरू करायचा विचार होतो.

या सगळ्या खुणा टिकल्या, कारण प्रत्येकीच्या मागे एखादा निर्णय उभा आहे. आकडा बदलला की उपचार बदलतो. एनएलआरवर हजारो निबंध झाले, पण तो चढा आला म्हणून उद्या वेगळं काय करायचं, याचं ठोस उत्तर कुणी दिलेलं नाही. ‘हा रुग्ण कमी जगेल’ हे सांगणारी खूण आणि ‘या रुग्णाला हे औषध लागू पडेल’ हे सांगणारी खूण, या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची गल्लत भल्याभल्यांची होते. २०१८ मध्ये एका फ्रेंच गटाने न्यूट्रोफिलचं प्रमाण आणि एलडीएच हे एन्झाइम जोडून फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी निर्देशांक काढला. इम्युनोथेरपी कुणाला लागू पडणार नाही ते यातून कळेल अशी आशा होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञांनी अकरा चाचण्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा दिसलं की निर्देशांक वाईट असलेल्यांचं केमोवरही वाईटच होतं. तो औषधाची निवड सांगत नव्हता. रोग किती मुरलाय ते सांगत होता.

मग आकडाच खाली आणला तर? निदान सीआरपी तरी स्वतः गुन्हेगार नाही. जन्मजात जनुकांमुळे ज्यांची सीआरपी आयुष्यभर जास्त असते, त्यांना कॅन्सर जास्त होत नाही, असं डेन्मार्कमधल्या मोठ्या अभ्यासाने २०१० मध्ये दाखवलं. तिच्या वरच्या टोकाचे निरोपे अडवले तर काय होतं, याचं उत्तर २०१७ मध्ये अनपेक्षित ठिकाणी मिळालं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी जास्त असलेल्या १०,०६१ लोकांवर कॅनाकिनुमॅब या इंटरल्युकिन-१ अडवणाऱ्या औषधाची चाचणी चालू होती. हेतू हृदय वाचवण्याचा. पण सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या नव्या निदानांत ६७ टक्के घट दिसली. कंपनीने लगोलग त्या कॅन्सरच्या रुग्णांवरच तीन मोठ्या चाचण्या घेतल्या: पसरलेल्या रोगात पहिल्या औषधासोबत, दुसऱ्या फळीत, आणि शस्त्रक्रियेनंतर. २०२१-२२ मध्ये तिन्ही आपल्या उद्दिष्टाला पोचल्या नाहीत. उगवताना अडवता येईल अशी गाठ एकदा पाय रोवून बसली की त्याच दाराने बाहेर काढता येत नाही, असा याचा मला दिसणारा अर्थ.

एका वेळचा आकडा आणि त्याची चाल यांतही फरक आहे. मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी निव्होलुमॅब सुरू केलेल्या रुग्णांत जपानी डॉक्टरांना एक उलटी गोष्ट दिसली. ज्यांची सीआरपी पहिल्या महिन्यात दुपटीहून वर गेली आणि मग मूळ पातळीच्याही खाली उतरली, त्यांची गाठ सर्वांत चांगली आटली. तिथे दाह गाठीचा नव्हता, जाग्या झालेल्या रोगप्रतिकारशक्तीचा होता.

सध्या सर्वांत आशेचं काम चाललं आहे ते कॅन्सरमुळे माणूस वाळत जाण्याच्या विकारावर, ज्याला कॅकेक्सिया म्हणतात. दोन गुणवाल्या रुग्णांत हा विकार फार आढळतो. भूक मरते, स्नायू झडतात, कितीही खाऊ घातलं तरी अंगी लागत नाही. याच्या मुळाशी असलेल्या पदार्थांपैकी एक म्हणजे जीडीएफ-१५, शरीरावरच्या ताणाने वाढणारं आणि मेंदूतल्या एका छोट्या भागावर काम करून अन्नावरची वासना उडवणारं प्रथिन. त्याला बांधून ठेवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या औषधाच्या चाचणीत १८७ रुग्ण होते, आणि ज्यांच्या रक्तात जीडीएफ-१५ जास्त आहे अशांनाच त्यात घेतलं होतं. २०२४ मध्ये निकाल आला. सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांचं वजन बारा आठवड्यांत नुसतं पाणी टोचलेल्यांच्या तुलनेत सरासरी २.८१ किलोने जास्त भरलं, आणि त्यांची भूक नि हालचालही सुधारली. आयुष्य वाढतं का, हे मोजण्याइतकी ती चाचणी मोठी नव्हती.